पिनकोडवरून आपल्या भागाची बातमी कशी ठरवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर आम्ही काहीजण मिळून परिसराचं छोटं बातमीपत्र चालवतो. आठवड्यातून एकदा छापील अंक निघतो आणि रोज सकाळी व्हॉट्सॲपवर चार-पाच बातम्या जातात. सुरुवात केली तेव्हा आमचा वाचक कोण, हे ठरवायला पिनकोडशिवाय दुसरं काही हाताशी नव्हतं. ४११०५१, ४११०४१ आणि ४११०२४ असे तीन पिन घेतले आणि कामाला लागलो. आता इतर गावांतून, शहरांतून असंच काही सुरू करू पाहणारी मंडळी विचारतात, तेव्हा प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत.

पिनकोड म्हणजे नक्की कुठल्या भागाची हद्द?

खरं सांगायचं तर पिन मुळात भागाचा नसतोच. तो पोस्टाचा असतो. ज्या डाकघरातून पत्रांचं वाटप होतं, त्या डाकघराचा हा क्रमांक. त्या डाकघराचे पोस्टमन जिथवर जातात तिथवर तो पिन पोचतो, आणि ते जिथून मागे फिरतात तिथे संपतो.

सहा आकड्यांपैकी पहिला आकडा देशातला टपाल विभाग सांगतो. देशभरात असे आठ भौगोलिक विभाग आहेत आणि नववा सैन्याच्या टपालासाठी. पहिले दोन आकडे मिळून परिमंडळाकडे, म्हणजे टपाल खात्याच्या साधारण राज्याएवढ्या कारभारी भागाकडे, बोट दाखवतात. तिसऱ्यावरून छाननीचा जिल्हा, म्हणजे पत्रं वेगळी काढण्यासाठी टपालाने आखलेला जिल्हा, कळतो आणि शेवटचे तीन थेट वाटप करणाऱ्या डाकघरापर्यंत नेतात. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती घडवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी अधिकारी. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात ते अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृतचे कवीही होते. देशात एकाच नावाची गावं पुष्कळ, पत्ते निरनिराळ्या भाषांत लिहिलेले, अक्षर लागता लागत नाही. अशा पत्राला योग्य पोस्टात पोचवणं एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता. कोणाला कुठली बातमी द्यावी, हा प्रश्न आपण पन्नास वर्षांनी त्यावर लादतो आहोत. ते लक्षात ठेवलं की पुढच्या बऱ्याच अडचणींचा उलगडा होतो.

सुरुवातीच्या दिवसांत मी एका सकाळी आमच्या भागातल्या पोस्टात जाऊन बसलो होतो. लाकडी खणांत पत्रं लावता लावता एका पोस्टमनकाकांनी कोऱ्या फॉर्मच्या मागे मला त्यांची बीट, म्हणजे रोजच्या वाटपाची फेरी, काढून दाखवली. ओढा, त्यावरचा छोटा पूल, पुलापलीकडचं पिठाच्या गिरणीचं घर. "गिरणीपर्यंत माझं. तिच्या मागची चाळ दुसऱ्या पोस्टाची. पण त्यांना लांब पडतं, म्हणून कधीकधी मीच टाकून येतो." हद्द म्हणजे काय ते मला त्या कागदावर पहिल्यांदा समजलं. तो कागद अजून आमच्या टेबलाच्या काचेखाली आहे.

पिनच्या हद्दीचा अधिकृत नकाशा मिळतो का?

आता मिळतो. टपाल खात्याने देशभरातल्या पिनच्या हद्दी आखून घेतल्या आणि त्या जिओजेसन या संगणकावरच्या नकाशाच्या स्वरूपात सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. मे २०२५ मध्ये 'नो युअर पिन कोड' ही सोयही आली. नकाशावर आपली जागा दाखवली की पिन कळतो. त्याच वेळी डिजिपिन आला. तो दहा अक्षरांचा आणि साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाचा पत्ता आहे. बातमीसाठी इतकं बारीक काही लागत नाही. रुग्णवाहिकेला मात्र नक्की लागेल.

त्याआधी इंटरनेटवर फिरणारे पिनचे नकाशे कोणीतरी पत्त्यांच्या ठिपक्यांवरून अंदाजाने काढलेले असायचे. जुन्या नकाशावर वाचकांची यादी बेतली असेल तर ती एकदा नव्याने ताडून पाहा. आणि नवा नकाशा मिळाला तरी पोस्टमनला विचारणं सोडू नका. कागदावरची रेघ आणि रोजची फेरी यांत थोडं अंतर राहतंच.

महापालिकेचा प्रभाग सोडून पिनच का घ्यायचा?

कारण आपला पिन माणसाला पाठ असतो. गॅसच्या नोंदणीपासून ऑनलाइन मागवलेल्या चपलांपर्यंत सगळीकडे तो द्यावा लागतो. प्रभागाचा क्रमांक मात्र नगरसेवकपदाला उभं राहणाऱ्यालाच पाठ असतो, आणि तोही बदलतो. पुण्यात २०१२ ला दोन सदस्यांचे प्रभाग होते, २०१७ ला ते चार सदस्यांचे झाले. दर वेळी रेघा नव्या. काल एका प्रभागात असलेली सोसायटी आज दुसऱ्यात जाते. पिन सहसा जागचा हलत नाही.

दुसरं कारण नावांचं. आमच्या पट्ट्यात नांदेड नावाचं गाव आहे. कोणी नुसतं 'नांदेड' लिहिलं तर ते मराठवाड्यातलं समजायचं की खडकवासल्याच्या वाटेवरचं? ४३१ ने सुरू होणारा पिन असेल तर मराठवाड्यातलं, ४११ असेल तर आमचं. वडगावांचं तर विचारूच नका. वडगाव बुद्रुक ४११०४१, वडगाव शेरी ४११०१४, वडगाव मावळ ४१२१०६. तिन्हीकडचे लोक पत्ता सांगताना 'वडगाव' एवढंच म्हणतात, आणि आपल्या जागी सगळे बरोबरच असतात.

पिन आणि महापालिकेची हद्द जुळते का?

नाही, आणि ती जुळेल असं धरूनही चालू नये. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, पण तिचा पिन अजून ४१२२०७ आहे, म्हणजे शहराच्या ४११ च्या बाहेरचा. तिथल्या माणसाचा मिळकतकर महापालिकेकडे जातो, पत्र मात्र जुन्या वाटेने येतं. उलट ठाणे आणि वाशीचे पिन ४०० ने सुरू होतात, तरी त्यांचा मुंबई महापालिकेशी संबंध नाही.

सगळ्यात गोंधळाचा ४११०५७. वाकड आणि हिंजवडी दोन्हीकडे हाच पिन. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत, तर हिंजवडीचा कारभार वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीने पाहिलेला. 'आमच्या रस्त्यावरचे खड्डे कोणी बुजवायचे' या एकाच बातमीत पुलाच्या एका टोकाला एका कार्यालयाचं नाव येतं आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्याचं. संपादकाने पिनवर विसंबून चुकीच्या कार्यालयाचा फोन नंबर छापला, तर वाचकाचा अख्खा दिवस वाया जातो.

पाणी बंद राहणार असल्याची सूचना पिननुसार पाठवता येते का?

पाठवू नका. ही चूक आम्ही केली आहे.

पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं ते बहुतेक गुरुवारी. सूचना येते ती जलकेंद्रानुसार, म्हणजे जिथून त्या भागाला पाणी सोडतात त्या केंद्रानुसार: पर्वती, लष्कर, वारजे, एसएनडीटी, वडगाव वगैरे. सुरुवातीच्या दिवसांत एकदा वडगाव जलकेंद्राची सूचना आली. आम्ही 'वडगाव' हा शब्द वाचला आणि ती ४११०४१ च्या यादीला पाठवून मोकळे झालो. दुसऱ्या दिवशी आनंदनगरहून एका आजींचा फोन आला. आनंदनगरचा पिन ४११०५१. "अहो, तुम्ही वडगाव लिहिलंत. मला वाटलं, आपल्याला पाणी आहे. घरात बादलीभरसुद्धा भरून ठेवलेलं नाही, आणि दुपारी माणसं जेवायला यायचीत." त्या चिडल्या नव्हत्या. त्यांनी आमच्यावर विश्वास ठेवला होता आणि तो आम्ही वाया घालवला होता. याची टोचणी जास्त होती.

मग नीट पाहिलं. वडगाव जलकेंद्रावर हिंगणे, आनंदनगर, वडगाव, धायरी तर आहेतच, शिवाय आंबेगाव, धनकवडी, कात्रजही आहेत. म्हणजे ४११०५१, ४११०४१, ४११०४३, ४११०४६ असे निदान चार पिन. डोंगराच्या अलीकडची आणि पलीकडची माणसं एकाच पाण्यावर. एरवी त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध येत नाही, पण त्या गुरुवारी सगळी एकाच बातमीची वाचक असतात.

त्यानंतर आम्ही नोंदणीत एक साधा प्रश्न वाढवला: तुमच्याकडे पाणी कुठून येतं? लोकांना जलकेंद्राचं नाव माहीत नसतं, पण 'टाकी कुठली' हे माहीत असतं, आणि टँकर येत असेल तर ते तर नक्कीच माहीत असतं. त्या उत्तरांवरून पाण्याची वेगळी यादी झाली. विजेच्या फीडरचं, म्हणजे भागाला वीज आणणाऱ्या वाहिनीचंही, हेच. एका पिनमध्ये तीन फीडर असतात आणि एक फीडर दोन पिनमध्ये जातो.

आरोग्याच्या बातम्यांचं काय? रुग्णांचे आकडे पिननुसार दिले तर चालतील?

इथे सगळ्यात जपून राहा. चुकलेली हद्द आजार लपवू शकते.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं फ्लिंट शहराचं प्रकरण हे काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं. एप्रिल २०१४ मध्ये त्या शहराने पाण्याचा स्रोत बदलला. फ्लिंट नदीचं पाणी नळांना येऊ लागलं आणि जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरायला लागलं. मुलांच्या रक्तात शिसं वाढलं आहे का, हे राज्याच्या आरोग्य खात्याने तपासलं ते झिप कोडनुसार. झिप म्हणजे त्यांचा पिन, १९६३ पासूनचा. फ्लिंटचे झिप शहराबाहेरही पसरलेले होते. त्या पत्त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश शहराच्या हद्दीबाहेरचे, आणि तिथे पाणी वेगळं. बाहेरची निरोगी मुलं आकड्यांत मिसळली, सरासरी खाली आली आणि काही विशेष घडलेलं नाही असं दिसू लागलं. बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अतिशा आणि भूगोलाचे अभ्यासक रिक सॅडलर यांनी मुलांच्या घरांचे पत्ते नकाशावर बसवले आणि शहराचं पाणी पिणारी मुलं वेगळी काढली. मग २०१५ मध्ये शिशाची वाढ लख्ख दिसली. टपालाच्या सोयीसाठी आखलेली रेघ लहान मुलांच्या आजारावर पडदा टाकत होती.

आम्हाला हे वाचून माहीत होतं. जानेवारी २०२५ मध्ये ते आमच्या दारात आलं. सिंहगड रस्ता, धायरी, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण वाढू लागले. जीबीएस म्हणजे गुलेन-बारे सिंड्रोम, हातापायांतलं बळ घालवणारा मज्जातंतूंचा आजार. हे नाव तोवर इथे कोणी ऐकलंही नव्हतं. पहिला प्रश्न सगळीकडून एकच: "आमच्या पिनमध्ये किती?" आम्ही त्याचं उत्तर दिलं नाही. तपासाचा रोख पाण्याकडे होता. विहिरीचं पाणी कुठे जातं, टँकर कुठून भरतो, कुठल्या आरओ प्लांटवरून जार येतो, हे महत्त्वाचं होतं, आणि ते ४११०४१ व ४११०२४ यांच्यामधल्या रेघेला जुमानत नव्हतं. म्हणून त्या आठवड्यात गाव, वाडी, सोसायटी आणि पाण्याचा स्रोत यांनुसारच बातम्या दिल्या. उकळून पाणी प्या, हा मजकूर तिन्ही पिनना आणि शेजारच्यांनाही पाठवला. त्या दिवसांत आमचे फोन रात्री अकरापर्यंत वाजत होते. 'आम्ही त्या पिनमध्ये नाही ना' हे ऐकण्यासाठीही बरेच फोन येत. खोटा दिलासा देणं हे त्या वेळचं सगळ्यात सोपं काम होतं. ते आम्ही केलं नाही, याचं समाधान आहे.

पहिल्या तीन आकड्यांवरून जिल्ह्याची आवृत्ती काढता येईल?

येणार नाही. ४१६ मध्ये कोल्हापूर, सांगली आणि घाट उतरून सिंधुदुर्गही येतं. ४१५ मध्ये सातारा आणि रत्नागिरी. ४१३ मध्ये सोलापूर, लातूर, धाराशिव, आणि पुणे जिल्ह्यातली बारामतीसुद्धा. छाननीचा जिल्हा आणि महसुली जिल्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उसाच्या दराची बातमी ४१६ ला सरसकट पाठवलीत तर सावंतवाडीचा काजूवाला विचारेल, हे मला कशाला?

ग्रामीण भागात पिन चालतो का?

चालतो, पण एकटा चालत नाही. देशात पिन सुमारे १९ हजार आणि डाकघरं दीड लाखाहून जास्त. म्हणजे बहुतेक पिन अनेक डाकघरांनी वाटून घेतलेले. खेड्यातलं शाखा डाकघर ज्या उपडाकघराच्या हाताखाली असतं, त्याचाच पिन लावतं. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणाभोवतालची कितीतरी गावं आणि त्यांच्या वाड्या एका पिनखाली येतात. तिथे पिनसोबत गावाचं नाव आणि शक्य असेल तर वाडीचं नाव घ्याच. गावासाठी सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला क्रमांक वापरलात तर पुढे ग्रामपंचायत, पंचायत समिती सगळं जोडता येतं. आठवडी बाजार कुठे करता, हाही उपयोगी प्रश्न. बाजार जिथे, तिथली बातमी माणसाला हवी असते.

एका पिनमधले सगळे वाचक सारखेच समजायचे का?

मुंबईचा ४०००५१ घ्या. वांद्रे पूर्व. बीकेसीतली, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातली, काचेची कार्यालयं त्यात, सरकारी वसाहत त्यात आणि बेहरामपाड्याची झोपडपट्टीही त्यात. तिघांना रोज सतावणारे प्रश्न एकमेकांच्या जवळपासही फिरकत नाहीत.

हे मुद्दाम लिहितो आहे, कारण जाहिरातदार पिनकडे उत्पन्नाचा दाखला असल्यासारखा पाहतो. 'अमुक पिन चांगला, तमुक नको' असं आम्हाला तोंडावर सांगितलं गेलं आहे. अशा मागणीपुढे मान तुकवली की बातमीही हळूहळू तिकडेच सरकते. वस्तीतला नळ आठवडाभर बंद राहतो आणि सोसायटीतल्या लिफ्टची चार ओळींची बातमी पहिल्या पानावर जाते. आम्ही जाहिरात पूर्ण पिनला विकतो, त्याचे तुकडे विकत नाही. थोडे पैसे कमी मिळतात. हे धोरण सगळ्यांनी ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

मग पिन चांगला चालतो तरी कुठे?

जिथे टपालाची रेघ आणि माणसांच्या वावराची रेघ एकच असते तिथे. मुंबईत रेल्वेचे रूळ ही अशी खरी रेघ. दादर पश्चिम ४०००२८, दादर पूर्व ४०००१४. डोंबिवली पूर्व ४२१२०१, पश्चिम ४२१२०२. 'तू ईस्टला की वेस्टला?' हा प्रश्न तिथे कोणालाही सहज समजतो, आणि भाजी, शाळा, रिक्षाची रांग हे सगळं बहुतेक आपल्याच बाजूला असतं. तिथे पिनवर बातमीपत्र काढायला हरकत नाही. पुलाच्या, स्टेशनच्या बातम्या मात्र दोन्हीकडे.

पुण्याचा ४११०३० ही वेगळीच गोष्ट आहे. पिन येण्याआधी मोठ्या शहरांना टपालाचे विभागक्रमांक होते. 'सदाशिव पेठ, पुणे ३०' हा पत्ता जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर किती वेळा वाचला असेल! तोच ३० पुढे पिनच्या शेपटाला आला. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठा त्यात येतात. तिथल्या लोकांना 'पुणे ३०' हे आपलं नाव वाटतं. आकड्याला अशी माया फार थोड्या ठिकाणी मिळाली आहे.

माझे बरेच वाचक गावाबाहेर राहतात. त्यांचा पिन कुठला धरायचा?

दोन्ही. हा आमच्या नोंदणीतला सगळ्यात उपयोगी बदल.

ही कल्पना कोकणातल्या एका मित्राची. तो आपल्या तालुक्यासाठी असंच बातमीपत्र चालवतो. सुरुवातीला त्याने फक्त तालुक्यातले पिन घेतले आणि यादी वाढेचना. घरात म्हातारे आईवडील, हातात साधा फोन. त्यांची मुलं चाकरमानी, कोणी लालबागला, कोणी विरारला, कोणी दिव्याला. गावच्या बातमीची सर्वात जास्त ओढ त्यांनाच, आणि नोंदणीच्या कागदावर त्यांना जागा नव्हती. मग त्याने दोन रकाने केले: राहता पिन आणि गावचा पिन. गणपतीच्या आधी दरड कुठे कोसळली, एसटीच्या जादा गाड्या कधी सुटणार, वाडीतल्या कोणाचं छप्पर उडालं, हे गावच्या पिनवरून जातं. राहत्या पिनचा उपयोग वेगळा. दिव्यात एकाच वाडीची बरीच माणसं राहतात असं दिसलं, तर मंडळाच्या सभेची बातमी त्यांना देता येते. त्याची यादी त्यानंतर झपाट्याने वाढली. एकाने त्याला लिहिलं होतं की मुंबईत जन्मलेल्या माझ्या मुलाने आपल्या गावचा पिन या फॉर्ममुळे पहिल्यांदा विचारला.

दोडामार्गसारख्या सीमेवरच्या तालुक्यांतही हे लागू पडतं. पिन ४१६ चा, पण पोटापाण्यासाठी आणि दवाखान्यासाठी धाव गोव्यात, म्हणजे ४०३ मध्ये. गोवा टपालाच्या दृष्टीने महाराष्ट्र परिमंडळातच येतं, पण बातम्यांच्या नोंदवहीत ती दोन राज्यं असतात आणि मधल्या माणसाकडे दोघांचंही लक्ष जात नाही.

सैन्यातले आणि परदेशातले वाचक?

सैनिकाचा पत्ता '५६ एपीओ' असा, म्हणजे सैन्याच्या डाकघराचा, असतो आणि पिन ९ ने सुरू होतो. त्यावरून तो कुठे आहे ते कळत नाही, आणि कळूही नये. त्याच्याकडून फक्त गावचा पिन घ्या. परदेशातल्या मराठी वाचकासाठीही गावचा पिन पुरतो. त्यांचा झिप घेणार असाल तर तो मजकूर म्हणून साठवा, संख्या म्हणून नको. न्यू जर्सीचे झिप शून्याने सुरू होतात आणि संख्या म्हणून ठेवले की पहिलं शून्य गळून पडतं.

फॉर्ममध्ये पिन घेताना काय सांभाळायचं?

देवनागरी आकडे स्वीकारा. मराठी बातमीपत्राच्या फॉर्मने '४११०४१' लिहिणाऱ्याला 'चुकीचा पिन' म्हणून परत पाठवावं, यासारखं वाईट काही नाही. आमच्याकडे पहिल्या महिन्यात ते झालं, आणि परत गेलेले बहुतेक वाचक ज्येष्ठ होते. तीन आकड्यांनंतर जागा सोडायची जुनी सवय असते, तीही चालवून घ्या. आपल्याकडे पिन शून्याने सुरू होत नाही, एवढी तपासणी पुरे. पिन टाकल्यावर त्याखालच्या गावांची, भागांची नावं पुढे येऊ द्या आणि त्यातून एक निवडू द्या.

वाचकाचं नेमकं ठिकाण फोनवरून घेतलं तर जास्त अचूक होणार नाही का?

होईल, पण त्याची गरज नाही. लोकांना आपला माग काढलेला आवडत नाही, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही गरजेपुरतीच माहिती घ्या म्हणतो. पिन आणि भागाचं नाव माणूस स्वतःहून देतो. तेवढ्यावर नव्वद टक्के काम नाही झालं तरी बातमी पोचण्याइतकं काम होतं. लहान गावाच्या पिनमध्ये चार-पाचच वाचक असतील तर त्यांचे आकडे कुठे प्रसिद्ध करू नका. गावात चार माणसं म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळतं.

माझ्या पिनमध्ये लोक किती आहेत हे कसं कळणार?

जनगणना पिननुसार आकडे देत नाही. ती गाव आणि वॉर्डनुसार देते. अमेरिकेत हीच अडचण होती, म्हणून तिथल्या जनगणना खात्याने २००० पासून झिपशी मिळतेजुळते वेगळे भाग स्वतः आखले. आपल्याकडे मतदारयादीचे भाग बघून बेरीज करावी लागते. काम किचकट आहे. छापील अंकाचा आकडा ठरवायला आम्ही वेगळाच रस्ता धरला: पहाटे पेपर टाकणाऱ्या मुलांना विचारलं. कुठल्या लाइनीवर किती घरं, किती पेपर, कुठल्या इमारती रिकाम्या, हे त्यांना तोंडपाठ असतं.

छापील अंक पोस्टाने वाटता येतो का?

नोंदणी केलेल्या वृत्तपत्राला टपालात सवलतीचा दर मिळतो. नोंदणीचा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे. त्याशिवाय पत्ता न लिहिलेली पत्रकं ठरावीक भागात घरोघर टाकण्यासाठी टपाल खात्याची 'डायरेक्ट पोस्ट' सेवा आहे. इथे मात्र पिन अगदी चपखल बसतो, कारण हे त्याचंच काम.

दोन पिनच्या सीमेवरच्या घरांचं काय करायचं?

त्यांना दोन्हीकडच्या बातम्या द्या आणि कुठली नको ते त्यांनाच ठरवू द्या. सीमेवरची माणसं कायम दोन कार्यालयांमध्ये हेलपाटे घालत असतात. 'ते आमच्याकडे येत नाही' हे वाक्य त्यांनी सगळ्यात जास्त ऐकलेलं असतं. पोस्टमनकाकांच्या कागदावर गिरणीमागे जी चाळ होती, तिथली बारा घरं आमच्याकडे दोन्ही याद्यांत आहेत. त्यांतल्या एका वहिनींनी मागच्या महिन्यात ड्रेनेजच्या कामाचा फोटो पाठवला आणि खाली विचारलं, "हे कुठल्या पिनमध्ये टाकणार?" आम्ही तो दोन्हीकडे टाकला.